वाचकांचे प्रश्न : लांब पल्ल्याच्या मोटारसायकलसाठी सिंगल सीट

प्रश्न : माझ्याकडे रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० आहे. निवृत्तीनंतर मी बहुतेक प्रवास एकट्यानेच करतो आणि येत्या हिवाळ्यात बेळगाव-हुबळीमार्गे हंपीला जाण्याचा बेत आहे. मात्र साताऱ्याहून निघाल्यावर कराड ओलांडेपर्यंत बैठक दुखू लागते आणि कोल्हापूर येईपर्यंत मांड्यांना मुंग्या येतात. दुकानदार जेलची सिंगल सीट सुचवतो, मित्र जुन्या पद्धतीची स्प्रिंगची सीट घ्या म्हणतो, तर ओळखीचा कुशनवाला आहे त्याच सीटमध्ये जाड स्पंज घालून देतो म्हणतो. कोणाचे ऐकावे? (एक वाचक, सातारा)

उत्तर : तिघांपैकी कुशनवाल्याकडे जावे, पण ‘जाड स्पंज’ हा त्याचा उपाय जसाच्या तसा स्वीकारू नये. लांबच्या प्रवासाची सीट निवडताना बहुतेकांची फसगत मऊपणामुळे होते. दुकानात सीटवर दोन मिनिटे बसून, हाताने दाबून ‘वा, किती मऊ आहे’ असे म्हणत आपण पैसे मोजतो; पण सीटची खरी परीक्षा पहिल्या तासानंतर सुरू होते, आणि त्या परीक्षेत आकार व आधार यांना जितके महत्त्व आहे तितके मऊपणाला नाही.

क्लासिकसारख्या गाडीवर आपण जवळजवळ ताठ बसतो. पुढे वाकून चालवायच्या गाडीवर काही भार मनगटांवर आणि पायांवर जातो. इथे मात्र कमरेच्या वरचा जवळपास सगळा भार बैठकीच्या दोन हाडांवर येतो. ओटीपोटाच्या खालच्या बाजूची ही दोन टोके खुर्चीवर तळहातांवर बसले की सहज हाताला लागतात. सीट फार मऊ असेल तर ही टोके स्पंज दाबत दाबत तळाच्या पत्र्यापर्यंत पोहोचतात, म्हणजे वरून गादी आणि आतून पाट अशी स्थिती होते. शिवाय हाडे खाली गेली की आजूबाजूचा स्पंज वर येऊन दोन हाडांमधल्या नाजूक भागावर आणि मांड्यांच्या आतल्या बाजूवर दाब देतो. तिथल्या नसा आणि रक्तवाहिन्या दबतात आणि मुंग्या येतात. आपल्याला येणाऱ्या मुंग्यांचे कारण बहुधा हेच असावे. गाडीवरून उतरून बराच वेळ झाला तरी बधिरता जात नसेल, किंवा कळ पायातून खाली उतरत असेल, तर मात्र सीटचा विचार बाजूला ठेवून आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.

सध्याची सीट तळाला टेकते की नाही, हे घरीच पाहता येते. गाडी मेन स्टँडवर लावावी, कोणाला तरी ती धरायला सांगावी आणि आपण नेहमी जिथे बसतो नेमक्या त्या जागी एक गुडघा टेकवून त्यावर हळूहळू भार द्यावा. गुडघाही हाडासारखाच थोड्या जागेत भार टाकतो. अर्ध्या मिनिटात खाली टणक काही जाणवू लागले, तर तो स्पंज आपल्या वजनाला पुरा पडत नाही, मग तो दिसायला कितीही जाड असो.

आता रुंदीकडे येऊ. दोन हाडांमधले अंतर प्रत्येकाचे वेगळे असते. साधारणपणे ते १० ते १४ सेंटीमीटरच्या दरम्यान असते. ते मोजण्यासाठी द्राक्षाच्या रिकाम्या पेटीचा पन्हाळी पुठ्ठा घ्यावा, तो कडक स्टुलावर ठेवावा, पातळ कपड्यांत त्यावर गाडीवर बसतो तसे ताठ बसावे आणि टाचा किंचित उचलून मिनिटभर स्थिर राहावे. उठल्यावर पुठ्ठ्यावर दोन खळगे उमटलेले दिसतात. त्यांच्या मध्यबिंदूंमधले अंतर पट्टीने मोजून कागदावर लिहून ठेवावे. ही दोन्ही टोके सीटच्या सपाट भागावर यायला हवीत, आणि त्यांच्या बाहेरच्या बाजूलाही मांसल भागाला टेकायला पुरेशी जागा राहायला हवी. म्हणून बसण्याच्या जागी सीट निदान फूटभर रुंद असावी, असे मी सुचवेन. पुष्कळ देखण्या सिंगल सीटा मागे गोलाकार, मध्यभागी फुगीर आणि कडांना उतरत्या असतात. त्यांवर हाडे उतारावर येतात आणि भार नेमका मधल्या फुगवट्यावर पडतो. अशी सीट गाडीवर शोभून दिसते, पण तिच्यावर हुबळी गाठणे अवघड.

रुंदीइतकाच उतार महत्त्वाचा आहे, आणि त्याकडे फार थोडे लोक लक्ष देतात. सीट टाकीच्या दिशेने उतरती असेल तर प्रत्येक ब्रेकला आपण पुढे सरकतो, मग हातांनी हॅण्डल रेटून पुन्हा मागे जातो. दिवसभरात हे शेकडो वेळा होते आणि संध्याकाळी खांदे दुखले की आपण दोष हॅण्डलला देतो. उतार मेन स्टँडवर मोजू नये, कारण स्टँडवर गाडीचा कोन बदलतो. दोन्ही चाके सपाट जमिनीवर असताना, आपण स्वतः गाडीवर बसल्यावर शॉकअ‍ॅब्सॉर्बर जितके दबतात तितके दबलेल्या अवस्थेत, दुसऱ्या कोणाला तरी सीटच्या कडेला लेव्हलची पट्टी धरायला लावावी. बसण्याची जागा सपाट किंवा मागे अगदी किंचित झुकलेली असावी. सिंगल सीटच्या मागच्या बाजूला दोन-तीन बोटे उंचीची कड असेल तर कमरेच्या खालच्या भागाला टेकू मिळतो. मात्र ती कड आपण बसतो त्या जागेच्या अगदी लगत नसावी, कारण चार तासांच्या प्रवासात इंचभर पुढे-मागे सरकता येणे ही मोठी सोय असते.

स्पंजाच्या बाबतीत दुकानात ‘चाळीस डेन्सिटी’, ‘पन्नास डेन्सिटी’ असे आकडे ऐकू येतात. हा आकडा म्हणजे एका घनमीटर स्पंजाचे किलोग्रॅममधले वजन. त्यावरून स्पंज किती टिकेल याचा अंदाज येतो, तो किती कडक आहे हे मात्र कळत नाही. एकाच डेन्सिटीचा स्पंज मऊही मिळतो आणि कडकही. त्यामुळे केवळ आकडा ऐकून समाधान मानू नये. माझी शिफारस अशी की तळाला तुकडे दाबून बनवलेल्या कडक रीबॉण्डेड फोमचा पातळ थर असावा, त्यावर दोन इंचांच्या आसपास एचआर म्हणजे हाय रेझिलियन्स प्रकारचा, दाब काढताच पटकन मूळ आकारात येणारा फोम असावा, आणि सर्वांत वर अर्ध्या इंचाचा मऊ थर पुरे. नव्या पिंजलेल्या कापसाच्या गादीवर पहिल्या रात्री गाढ झोप लागते आणि काही महिन्यांत तिच्या मधोमध खळगा पडतो; एकाच मऊ स्पंजाच्या जाड सीटचे भवितव्य तेच आहे, फक्त ते लवकर येते.

मेमरी फोमची सध्या बरीच चलती आहे. शरीराच्या उष्णतेने तो मऊ होतो आणि आकार घेतो हे खरे, पण साताऱ्याच्या एप्रिल-मे महिन्यांतल्या उन्हात उभ्या केलेल्या गाडीवर तो आधीच मऊ झालेला असतो, आणि मग हाडांना आधार द्यायला त्यात काही उरत नाही. वरचा पातळ थर म्हणून तो चालेल, संपूर्ण सीटसाठी नाही.

दुकानदाराच्या जेलबद्दल थोडक्यात सांगतो. जेल स्पंजासारखे आकसत नाही, बाजूला सरकते, आणि त्यामुळे दाब पसरतो. हा गुण खरा आहे. पण पातळ जेलची चकती कमकुवत स्पंजावर ठेवली तर तिचा उपयोग नाही, आणि उन्हात तापलेले जेल लवकर निवतही नाही. खाली चांगला फोम असेल तरच त्यावर पैसे खर्च करावेत.

आपल्या मित्राच्या स्प्रिंगच्या सीटमागे एक इतिहास आहे. मागच्या चाकाला शॉकअ‍ॅब्सॉर्बर नसण्याच्या काळात सगळे धक्के सीटखालच्या स्प्रिंगांनी झेलायचे असत. १९४९ च्या बुलेटपासून स्विंग आर्म म्हणजे मागच्या चाकाला वरखाली होऊ देणारा दांडा आणि मागचे शॉकअ‍ॅब्सॉर्बर आले, आणि पुढे १९५५ पासून मद्रासला या गाड्या तयार होऊ लागल्या तेव्हा स्प्रिंगांची गरज उरली नव्हती. स्प्रिंगला स्वतःची उसळी थोपवण्याची सोय नसते. शॉकअ‍ॅब्सॉर्बरमध्ये तेल असते, ते ही उसळी जिरवते; सीटच्या स्प्रिंगांत तसे काही नसल्याने लाटांसारख्या उंचसखल रस्त्यावर गाडी एका लयीत आणि चालक दुसऱ्या लयीत वरखाली होतो. संथ वेगाने गावात फिरायला ती मजेची आहे. शेंद्रे ते कागल या पट्ट्यात सहापदरीकरणाच्या कामासाठी जिथे जिथे सेवा रस्त्यावर उतरावे लागते, तिथल्या खड्ड्यांत ती मणक्याला त्रास देईल. शौक म्हणून घ्यायची असेल तर जरूर घ्यावी; दुखण्यावर उपाय म्हणून घेऊ नये.

कुशनवाल्याकडे काम देताना तीन गोष्टी आवर्जून सांगाव्यात. एक, थर चिकटवताना सोल्यूशन सगळीकडे फासू नये, कारण वाळल्यावर त्याचा कडक पापुद्रा होतो आणि तो नेमका हाडांखाली टोचतो. दोन, शिवण किंवा पायपिंग (शिवणीवरची जाड गोट) बसण्याच्या जागेवर येऊ देऊ नये. आणि तिसरी, सर्वांत जास्त दुर्लक्षित गोष्ट म्हणजे कव्हर. पुष्कळ कारागीर सुरकुती दिसू नये म्हणून रेक्झिन इतके ताणून पिना मारतात की आतला चांगला फोम आधीच अर्धा दबतो आणि सीट ढोलकीच्या पानासारखी ताठ होते. दोन्ही दिशांना ताणले जाणारे रेक्झिन घ्यावे आणि दोन-चार बारीक सुरकुत्या राहिल्या तरी चालतील असे त्यांना स्वतःहून सांगावे, नाहीतर सफाईदार काम करण्याच्या हौसेपुढे आपल्या सूचनेचा निभाव लागत नाही. मूळ सीट न कापता जुनी वापरलेली सीट मिळवून तिच्यावर काम करून घेतले तर आणखी बरे.

नवी सीट घेऊन थेट हंपीला निघू नये. ठोसेघर, मग वाई-पाचगणी, मग एखादा दिवस रत्नागिरी अशा क्रमाने तिच्यावर बसून पाहावे आणि कारागिराकडे एकदा परत जाण्याची तयारी ठेवावी. चांगली सीट बहुधा दुसऱ्या बैठकीत जमते. त्याआधी आणखी दोन गोष्टी तपासाव्यात, त्यांना खर्च काहीच नाही. आपल्या गाडीच्या मागच्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरचा ताण खाचांच्या कडीने कमी-जास्त करता येतो. तो दोन माणसांसाठी वाढवून ठेवलेला असेल तर एकट्याच्या वजनाला शॉकअ‍ॅब्सॉर्बर दबतच नाहीत आणि सगळा धक्का सीटवर येतो. दुसरे म्हणजे पँटच्या मागच्या खिशातले पाकीट. त्याने एका बाजूचे हाड उचलले जाते आणि कंबर दिवसभर वाकडी राहते. अशी सीट मी तरी पाहिलेली नाही, जी पाकिटासह आरामदायक असेल.

प्रश्न : माझी उंची पाच फूट दोन इंच आहे. पाय जमिनीला नीट टेकत नसत म्हणून मी माझ्या जुन्या हिमालयन मोटारसायकलची सीट खाली करून घेतली. आता पाय टेकतात, पण सांगलीहून पंढरपूरला जाईपर्यंत गुडघे आणि बैठक दोन्ही दुखतात. स्त्रियांसाठी वेगळी सीट मिळते का? (एक वाचक, विश्रामबाग, सांगली)

उत्तर : सीट खाली करताना कारागिराने बहुधा सगळीकडून सारखाच स्पंज कापला असावा. त्यामुळे दोन नुकसाने झाली : हाडांखालचा फोम पातळ झाला आणि सीट व पायदाण यांतले अंतर घटल्याने गुडघे जास्त दुमडले. पाय टेकण्याचा प्रश्न केवळ उंचीचा नसतो, तो रुंदीचाही असतो. सीटचा पुढचा भाग रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि तेवढी पायाची लांबी वाया जाते. म्हणून मागची, बसण्याची जागा पूर्वीइतकी जाड करून घ्यावी आणि टाकीलगतचा भाग दोन्ही बाजूंनी उतरता करून वीतभराहून अरुंद करावा. थांबताना थोडे पुढे सरकले की पाय खाली पोहोचतात, चालवताना मागे रुंद जागेवर बसता येते. सिंगल सीटमध्ये हे दोन भाग स्वतंत्रपणे आखता येतात, हा तिचा मोठा फायदा आहे.

आपल्या गाडीच्या मूळ सीटची उंची ८०० मिलिमीटर आहे. तुलनेसाठी, मीटिओर ३५० ची ७६५ आहे. पण मीटिओरवर पाय पुढे ठेवावे लागतात, त्यामुळे भार माकडहाडाकडे सरकतो. केवळ आकडा कमी आहे म्हणून गाडी बदलू नये. दोन्ही टाचा टेकल्याच पाहिजेत हा आग्रहही सोडावा; दोन्ही चवडे, किंवा एक पाऊल पूर्ण टेकले तरी पुरते, आणि जाड तळव्याचे बूट थोडी मदत करतातच. गाडी भरलेली आणि रस्ता कलता असेल तर कोणत्या बाजूला पाय टाकायचा हे थांबण्यापूर्वीच ठरवावे.

‘लेडीज सीट’ असे लेबल लावून विकली जाणारी वस्तू बहुतेक वेळा फक्त खाली केलेली सीट असते. स्त्रियांच्या बैठकीच्या हाडांमधले अंतर सरासरीने थोडे अधिक असते, म्हणजे मागची रुंदी वाढवायला हवी. वर सांगितलेला पुठ्ठ्याचा प्रयोग आपणही करावा आणि कारागिराला अंदाजाऐवजी आकडा सांगावा.

प्रश्न : आमच्याकडे आटपाडी भागात चांगली घोंगडी मिळते. सीटवर घोंगडीची घडी टाकून प्रवास केला तर? एक मित्र हवेची गादी वापरतो, ती कशी? (एक वाचक, आटपाडी)

उत्तर : लोकर घाम शोषते आणि गार-गरम दोन्ही हवामानांत सुखावह असते, म्हणूनच लांब पल्ल्याचे अनेक चालक सीटवर मेंढीचे लोकरीसह कातडे घालतात. त्यातली लोकर उभी असते, तिच्यामधून हवा खेळते आणि शरीर किंचित सरकू शकते. घोंगडी विणलेली, सपाट असते. तिच्यात ही हवा खेळत नाही. तरीही ती उन्हाच्या दिवसांत तापलेल्या रेक्झिनपेक्षा नक्कीच बरी. मात्र नुसती घडी टाकू नये : ब्रेक लावताच ती आपल्यासकट पुढे येईल. सीटच्या मापाचा एकच तुकडा कापून, पट्टे शिवून, सीटखालून घट्ट बांधला पाहिजे, आणि पट्ट्यांची टोके साखळी व चाकापासून दूर असली पाहिजेत.

हवेची गादी उपयोगी आहे, पण नव्वद टक्के लोक ती टम्म फुगवतात आणि मग डुलत चालवतात. तिच्यात हवा भरून त्यावर बसावे, आणि मग हाडे खालच्या सीटपासून बोटभर वर राहतील इतपत हवा सोडत जावी. बसल्यावर गादी जवळजवळ रिकामी वाटते, तेच प्रमाण योग्य.

प्रश्न : सीट नवी करून घेतली, पण पावसाळ्यात पसरणी घाटातून एकदा गेलो की पुढे दोन दिवस बसल्यावर पँट ओली होते. (एक वाचक, वाई)

उत्तर : पाणी शिवणीच्या भोकांतून आत जाते आणि स्पंज ते धरून ठेवतो, आपले वजन पडले की ते परत वर येते. कव्हर काढून शिवणींना आतून सीम टेप (शिवणीची भोके बुजवणारी चिकटपट्टी) लावून घ्यावी आणि फोम व कव्हर यांच्यामध्ये पातळ प्लॅस्टिकचा कागद घालावा. भोके पाडलेले, हवा खेळते म्हणून विकले जाणारे रेक्झिन आपल्या भागातल्या पावसात घेऊ नये. स्पंज वाळवण्यासाठी सीट उन्हात पालथी ठेवावी. तळाच्या पत्र्याला किंवा प्लॅस्टिकला निचऱ्याची भोके असतात, ती पुष्कळदा नव्या कामात गोंदाने बुजलेली आढळतात, तेवढी मोकळी करावीत.

प्रश्न : मागची सीट काढून तिथे सामानाचे कॅरिअर लावले तर पोलीस किंवा आरटीओ हरकत घेतील का? (एक वाचक, कराड)

उत्तर : मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम १२८ प्रमाणे दुचाकीवर चालकाखेरीज एकाच व्यक्तीला नेता येते, आणि तीही चालकाच्या मागे गाडीला पक्क्या बसवलेल्या योग्य सीटवरच बसलेली असली पाहिजे. त्यामुळे मागची सीट काढल्यावर कॅरिअरवर कोणालाही, अगदी गावाच्या वेशीपर्यंतसुद्धा, बसवता येणार नाही. कलम ५२ नोंदणीतील तपशिलांपेक्षा गाडी वेगळी ठरेल असे बदल करण्यास मनाई करते, आणि नोंदणीत आसनक्षमतेचा उल्लेख असतो. क्लासिकसारख्या गाड्यांची मागची सीट बोल्ट काढून वेगळी करता येते आणि तशीच परतही लावता येते. प्रवासापुरती ती उतरवणे आणि चासी कापून, वेल्डिंग करून गाडी कायमची एकट्याची करणे यांत फार अंतर आहे. दुसऱ्या प्रकारचा विचार असेल तर काम सुरू करण्यापूर्वी आपल्या आरटीओ कार्यालयात लेखी विचारणा करावी.

कॅरिअरवर सामान ठेवताना जड वस्तू खाली आणि सीटच्या शक्य तितक्या जवळ ठेवाव्यात. मागच्या चाकाच्या आसाच्या पलीकडे लोंबणारे वजन पुढचे चाक हलके करते आणि आंबेनळीसारख्या घाटातल्या वळणांवर हॅण्डल सैल वाटू लागते. काढलेल्या मागच्या सीटचे बोल्ट आणि वॉशर छोट्या पिशवीत घालून त्या सीटलाच बांधून ठेवावेत, आणि मडगार्डवर उघडी पडलेली बोल्टची भोके रबरी बुचाने बंद करावीत, म्हणजे चाकाने उडवलेला चिखल वर सामानाच्या पिशवीत येणार नाही.